विहीणबाईंच्या मठ्ठ्यातला गजरा

तीर्थस्वरूप वत्सलावन्सं यांना सुवर्णाचा वाकून नमस्कार.

निफाडला ऊन फार आहे म्हणे, बाहेर पडताना डोक्यावर पदर घ्या (तो उन्हासाठी, लपवायला नव्हे). केमो संपला, जेवण जायला लागलं, हे ऐकून तुमच्या भावाने देवापुढे पेढे ठेवले आणि निम्मे स्वतःच खाल्ले. पण ‘केस जावळासारखे आलेत, मी निकिताच्या साखरपुड्याला येणार नाही आणि लग्नालाही नाही,’ हा तुमचा निरोप आला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. गैरसमज नको, मी तेव्हा डोक्याला कांद्याचा रस चोळून बसले होते.

माझाही भांग हल्ली रुंदावतोय. लेकीच्या सासरच्यांसमोर बरं दिसावं म्हणून शेजारच्या लताबाईंनी हा उपाय सांगितला. डोकं दोनदा धुऊन नाशिक रोडच्या बसमध्ये बसले, तर शेजारची बाई उठून पुढे गेली आणि मला खिडकी मिळाली. फायदा झाला तो एवढाच. मग डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी भिंगातून पाहिलं आणि म्हणाल्या, “कपाळाजवळचे हे बारीक केस सगळ्याच बायकांना असतात. वयाने भांगही थोडा विरळ होतो. नॉर्मल आहे.” (तुमचंही विचारलं. औषधांनंतर केस आधी असेच मऊ, बारीक येतात, असं त्या म्हणाल्या.)

पण नॉर्मल केसांवर गजरा टिकतो असं कुठे आहे? आपण फुलांचे मळेवाले, म्हणून परवा साखरपुड्याला मी हौसेने चांगला जाडजूड मोगरा माळला. विहीणबाईंना वाढायला वाकले आणि गजरा थेट त्यांच्या मठ्ठ्यात. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी तो शांतपणे निथळवला, माझा हात धरून आपल्या अंबाड्यावर ठेवला आणि कानात म्हणाल्या, “निम्मं गंगावन आहे, विकतचं. तुम्ही कशाला लाजता?” बाई मला फार आवडल्या.

भाऊजींना नमस्कार, साईला आशीर्वाद.

तुमची भावजय,
सुवर्णा

ता. क. आपल्या घरात नवरीची वेणी आत्याच्याच हातची. मी गुंफायला बसले, तर निम्म्या कळ्या देठाशी तुटल्या. निकिता हटून बसलीय, आत्या नाही तर फुलंही नाहीत. तिला बोडक्या डोक्याने बोहल्यावर उभी करू नका, वन्सं. आहात तशा या. मीही गजरा न माळता तुमच्याशेजारी बसेन.

आणखी एक ता. क. कांदा मी तुमचा निरोप आल्याच्या दुसऱ्या दिवशी चोळला होता.