प्रांजलीची दोन मिनिटं

१९ ऑगस्ट, मंगळवार

अजून चीड गेलेली नाही. आज कॉलेजात प्रांजलीची शोकसभा झाली. गेल्या आठवड्यात धंतोलीच्या दवाखान्यात डेंग्यूनं गेली ती. प्राचार्यांनी तिचे मार्क वाचून दाखवले. मार्क होतेच. पण सगळं येत असूनही ही मुलगी माझ्या तासाला हात वर करून म्हणायची, "मॅडम, मले नाही समजलं, पुन्हा सांगा ना." शेजारी बसणाऱ्या माधुरीला स्वतः विचारायची लाज वाटायची, म्हणून तिच्यासाठी. हे कोण वाचून दाखवणार?

मग दोन मिनिटं मौन. अर्ध्या मिनिटात "धन्यवाद, बसा." दरवेळी हेच. दोन मिनिटंही जड होतात का आपल्याला? सगळे बसले, मीसुद्धा. माधुरी उभीच.

"बस वं, झालं," मागून एक मुलगी कुजबुजली.

"काहून बसू? दोन मिनिटं कुठं झाले?"

प्राचार्य परीक्षेच्या सूचना वाचायला लागले होते. मी पुन्हा उठले.

"काही बोलायचं आहे का, मॅडम?"

"नाही सर. उभी राहते."

सूचना संपेपर्यंत आम्ही दोघी उभ्या होतो.

मी तमाशा केला, असं स्टाफरूममध्ये म्हणताहेत. केला असेल. पण मी आधी बसलेच कशाला, हे मात्र मला कोणीच विचारलं नाही.