प्रमिलाच्या जागेवर

सावदा,
ता. ४ जानेवारी १९९५

ती. वच्छलाआत्यास,
कुंदाचा शि. सा. न. वि. वि.

आबांना न सांगता लिहिते आहे. प्रमिलाअक्का जाऊन तीन महिने झाले नाहीत, आणि परवा पारोळ्याहून तिचे सासरे आले. रुपचंद जिजाजींसाठी त्यांनी मला मागणी घातली. दोन वर्षांच्या पोरीला परकी आई कशाला, मावशीच बरी, असं म्हणाले. आबा म्हणाले, घर पाहिलेलं आहे. मला कोणी विचारलं नाही. चहा घेऊन जाताना हे सगळं माझ्या कानावर पडलं.

जिजाजी फार वाळलेत. केळीचा ट्रक घेऊन दिल्लीपर्यंत जायचं, खाण्यापिण्याची आबाळ, असं सासरे सांगत होते. निघताना म्हणाले, सूनबाईने क्षय माहेरूनच आणला होता. आबांनी ऐकून घेतलं.

आत्या, तू दवाखान्यात सिस्टर. अक्का शेवटी तुझ्याकडेच होती. नुसत्या क्षयाने माणूस असं भराभर जातं का? मला चैन नाही. उत्तर मी शिकवते त्या बालवाडीच्या पत्त्यावर घाल, तिथलं टपाल मीच घेते.

माया आहेच, ती पत्रातही येऊ दे.
तुझी कुंदा

धुळे,
ता. ९ जानेवारी

चि. कुंदास,
वच्छलाआत्याचे अ. उ. आ.

तू सरळ विचारलंस, तर सरळच सांगते. अक्काला क्षय होता, पण त्याच्या मुळाशी एड्स होता. श्रावणात तिचं रक्त मुंबईला पाठवलं, तेव्हा कळलं. सासर, शेत आणि माहेर, यापलीकडे ती पोर कुठे गेली नव्हती. रुपचंदला मी दोनदा रक्त द्यायला सांगितलं. आपल्याला काही झालेलं नाही, म्हणून तो निघून गेला.

मी तिला निरोधची पाकिटं दिली होती. ती पाहून, हे तुला कोणी शिकवलं, असं विचारत त्याने तिला मारलं. पुढच्या खेपेला तिने त्याला जवळ येऊ दिलं नाही, तर सकाळी सासूने तिला अंगणात उभं करून सगळ्यांसमोर बोल लावले. घरी सांगू नकोस, मला हाकलतील आणि पोर ठेवून घेतील, अशी तिने मला शपथ घातली होती. मी ती पाळली. तुझ्यापर्यंत गोष्ट आली नसती, तर अजूनही पाळली असती, याची मला लाज वाटते.

हे पत्र आबांना दाखव. नुसतं लग्न नको म्हणालीस तर कोणी ऐकणार नाही.

जिवाला जप, हेच मागणं.
वच्छलाआत्या

सावदा,
ता. १२ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न.

पत्र आबांनी दोनदा वाचलं. मग म्हणाले, मुलीच्या बापाने जावयाचं रक्त कोणत्या तोंडाने मागायचं? चार दिवस ते पत्र त्यांच्या खिशातच होतं. पाचव्या दिवशी आई, जी त्यांच्या शब्दापुढे कधी गेली नाही, भाकरी थापता थापता म्हणाली, “एक दिली. दुसरी मी देणार नाही.”

आबा पारोळ्याला गेले आणि तपासणीचा कागद मागितला. तुमचीच पोरगी तसली होती, असं ऐकून परत आले. लग्न मोडलं.

घरात सगळे सुटलो म्हणतात. पण काल कळलं, जिजाजींचं सोनगीरला जमलं. झुलालभाऊंची लता, अठरा वर्षांची. पंधरा दिवसांनी हळद आहे. आबा म्हणतात, आपण मध्ये पडायचं नाही, मोडता घालतात असं लोक म्हणतील. माझी आत्या सिस्टर आहे म्हणून मी वाचले. तिला कोण आहे? सोनगीर तुला जवळ आहे.

लहान तोंडी मोठं बोलले असेन, तरी रागावू नकोस.
कुंदा

धुळे,
ता. २ मार्च

चि. कुंदास,
अ. उ. आ.

तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात रविवारी एसटीने सोनगीरला गेले. झुलालभाऊ म्हणाले, पत्रिका वाटून झाल्या, मुलाकडच्यांना काय तोंड दाखवू? मी माझ्या भाचीचं सगळं सांगितलं. लता दाराआड ऐकत होती. ती बाहेर आली, आणि रक्त तपासल्याशिवाय हळद लावून घेणार नाही, असं बापासमोर म्हणाली. भाऊंनी आत जा म्हटलं, तरी ती गेली नाही. पारोळ्याहून कागद आला नाही आणि हळदही लागली नाही.

रुपचंदच्या घरच्यांनी माझी तक्रार केली. पेशंटची गोष्ट बाहेर सांगितली का, असं मोठ्या डॉक्टरांनी विचारलं. मी हो म्हणाले. लेखी खुलासा द्यायचा आहे. प्रमिलाच्या पोरीलाही तपासायला हवं. आबांना म्हणावं, आता तरी तिला आणायला जा.

काल रुपचंद स्वतः दवाखान्यात आला. एकटाच. तासभर बाकावर बसून होता. मी जवळ गेले तेव्हा त्याने खाली बघूनच विचारलं, “तिले ते मनामुयेच व्हयनं का?”

मी म्हणाले, हो, तुझ्यामुळेच. त्याने बाही वर केली आणि रक्त दिलं. घरी जाऊन हे आईला सांगशील का, असं मी विचारलं. त्याने बाही खाली घेतली. बाटलीवर नाव लिहून मी आत ठेवून आले, तोवर बाक रिकामा होता.

उत्तराची वाट बघते. लवकर लिही.
तुझी वच्छलाआत्या