चार वर्ग, एक टीव्ही

८ जुलै
टीव्ही आला! संस्थेनं दिला, चांगला भिंतभर. सांडू सरांनी नारळ फोडला. मनकर्णाबाई खिचडी ढवळायची सोडून आल्या आणि हळद-कुंकू लावलं, नेमकं काचेच्या मधोमध! पुसू देईनात. "पहिल्याच दिवशी कुकू पुसता व्हय बाई?"
पहिली ते चौथी एकाच खोलीत, शिकवायला सर आणि मी. आता प्रत्येक वर्गाला आपापला धडा! संस्थेच्या मनस्विनी मॅडम म्हणाल्या, प्रयोग जमला तर माझी नेमणूक पुढच्या वर्षीही राहील. जमवणारच. घरातली पहिली बी.ए. मी. बाबा चितेगावभर सांगत फिरतात — "लेक मास्तरीण हाय!"

९ जुलै
टीव्हीवर पहिलीचा धडा लागला की बाकीच्यांनी फळ्याकडं बघायचं, असं ठरवलं. कुणीच बघितलं नाही. मीही नाही. हत्ती दाखवत होते.
शिकवणाऱ्या बाईंच्या नाकावर कुंकू.

१५ जुलै
पहिलीतली संस्कृती ओरडते, "मॅडम, बाष्पीभवन!" चौथीचे धडे पाठ झालेत तिला. चौथीतला विश्वजीत बडबडगीत सोडत नाही. "लई भारी हाय, मॅडम. आमच्या टायमाला नव्हतं." आणि वय किती, तर नऊ!

२ ऑगस्ट
टीव्ही ओरडतो, मी त्याच्याहून मोठ्यानं ओरडते. घसा बसला. आई म्हणाली, "शाळेत शिकवतीस का भांडतीस?"
आज वैतागून आवाजच बंद केला. चित्र ठेवलं. चौथीवाल्यांना म्हटलं, तुम्हीच सांगा लहानांना काय चाललंय.
विश्वजीत उभा राहिला. "ही बाई म्हणती, पाणी तापलं की वर जातं. मायच्या चहावाणी."
संस्कृती — "वर जाऊन काय करतं?"
मग जे भांडण जुंपलं! तिसरीवालेही पडले त्यात. पहिल्यांदा खोलीभर शाळा चालू होती — टीव्ही गप्प केल्यावर! मनस्विनी मॅडमना हे सांगायलाच हवं.

२० ऑगस्ट
उद्या मॅडम बघायला येणार. सर म्हणाले, "आवाज बंद करता हे बोलू नका, बाई. चांगली नोकरी घालवून बसाल."
खोटं बोलायचं? मी? छे!

२१ ऑगस्ट
मॅडम आल्या आणि लाईट गेली. सर घामाघूम. पण पोरांनी काळ्या काचेकडं बोट दाखवत अख्खा धडा घेतला. विश्वजीत सांगतोय, संस्कृती अडवतेय. मॅडमच्या डोळ्यांत पाणी! "बघा, टीव्ही कसा रुजलाय! बंद असला तरी शिकवतोय!"
मी खरं सांगायला तोंड उघडलं. सरांनी हातात चहा दिला.
मी चहा प्यायले.

५ सप्टेंबर
शिक्षक दिन. मॅडमचा फोन. प्रयोग इतका यशस्वी, की आमच्या शाळेला दुसऱ्या शिक्षकाची गरज नाही. म्हणजे माझी.
मला मात्र बढती — शहरात औरंगपुऱ्यात संस्थेचा स्टुडिओ आहे, तिथं धडे रेकॉर्ड करायचे. "तुमचे धडे जातील तिथं तिथं एकेक बाई कमी करता येईल," असं आनंदानं म्हणाल्या.
मी नाही म्हणायच्या आत बाबा पेढे वाटून आले. "आमची पोरगी टीव्हीत!"

१६ सप्टेंबर
पहिला धडा. प्रश्न विचारला आणि सवयीनं थांबले.
कॅमेरावाला म्हणाला, "मॅडम, रुको मत. सामने कोई नै है."