फाट्यावरचं सरकारी तोरण

जळगाव, १४ ऑगस्ट १९८७

ती. नानांस धाकट्या भावाचा, लीलाधरचा शि. सा. न. वि. वि.

आमच्या रस्ते-कचेरीत वाहनं मोजायचं यंत्र आलं आहे. महामार्गावर काळी रबरी नळी आडवी टाकायची, तिचं टोक कडेच्या पेटीला जोडायचं. चाक वरून गेलं की हवा दाबली जाते आणि पेटीतला आकडा सरकतो. दोन दाब झाले की एक वाहन. २१ तारखेपासून सात दिवस ती आपल्या पिंपरखेडे फाट्यावर टाकतो आहे. रोजची सरासरी साडेतीन हजारांवर गेली, तर गावासाठी रस्त्याखालून भुयारी वाट मंजूर होईल. वहिनींना ट्रकने उडवल्यापासून तुम्ही अर्जामागून अर्ज करताहात. आता अर्ज पुरे, आकडा बोलेल.

गावाला मात्र ताकीद द्या. आपली माणसं नळी कापून बैलांना कासरे करायची, त्यांचा नेम नाही. वहिनींच्या पायाचं कळवा.

माया पातळ होऊ देऊ नये.
आपला, लीलाधर

पिंपरखेडे, २५ ऑगस्ट १९८७

चि. लीलाधर यास अनेक आशीर्वाद.

तुझी नळी पाहिली. एवढं शिकून शहरात गेलास आणि रबराचा तुकडा घेऊन परतलास, धन्य वाटलं. सुरतेहून नागपूरला जाणारे ती इमानाने मोजते. आम्ही गावातून पलीकडे वावरात जातो, ते तिच्या खिजगणतीत नाही. निंबाच्या बैलगाडीला एकच आस, म्हणून ती अर्धं वाहन. तुझी वहिनी काठी टेकत दिवसातून दोनदा रस्ता ओलांडते, ती शून्य. पेटीवर बसवलेला तुझा राखणदार सारा दिवस घोरतो. त्याच्यापेक्षा यंत्र हुशार, एवढं मी मान्य करतो.

काल पोळा झाला. मिरवणूक मारुतीपुढच्या तोरणाकडे निघाली, तर निंबा नळीपाशी थबकला आणि सरकारनी यंदा तोरण भुईवरच टाकेल शे, असं त्याने जाहीर केलं. मग काय, शिंगं रंगवलेले बठ्ठे, झाडून सारे बैल, अडीचशेच्या वर, लोकांनी एकेक करून त्या तोरणावरून नेले. एकेकाचे चार खूर. पेटीतला आकडा धावत होता. निंबाला कळलं नाही, मला कळत होतं. मी थांबवलं नाही.

वहिनीचा पाय पावसात दुखतो. बाकी क्षेम.
नाना

जळगाव, १० सप्टेंबर १९८७

ती. नानांस शि. सा. न. वि. वि.

सरासरी पस्तीसशे चाळीस आली. कचेरीत पेढे वाटायचे तेवढे राहिले होते. पण एकट्या पोळ्याच्या दिवशी पाचशे वाहनं जास्त, आणि ती तुमचे बैल, हे मला ठाऊक होतं. मी तसं लिहिलं. साहेब पोट धरून हसले, मग तो दिवस खोडला. उरलेल्या सहा दिवसांची सरासरी तीस वाहनांनी कमी पडली. वाट नामंजूर, फेरमोजणी तीन वर्षांनी.

गावाच्या अडाणीपणापायी माझं हसं झालं, ते सोसेन. पण बैलाला ट्रक म्हणायला तुम्हीच मला शिकवलं नाही. वहिनींना सांगायची मला हिंमत होत नाही, तुम्हीच सांगा. दिवाळीला येतो आहे.

रागावलात तरी आशीर्वाद असू द्यावा.
लीलाधर

पिंपरखेडे, १६ सप्टेंबर १९८७

चि. लीलाधर यास आशीर्वाद.

पत्र वहिनीला वाचून दाखवलं.  तिने काठी घेतली आणि ती वावरात निघाली. ती पार होईस्तोवर मी फाट्यावर उभा होतो.

तू खरं तेच लिहिलंस, त्याचा राग नाही. तुझ्या विद्येची मात्र कीव येते. भुयार आम्ही ट्रकांसाठी मागितलं होतं काय? बैलांसाठी मागितलं, बैलांमागून चालणाऱ्या माणसांसाठी मागितलं. ज्यांना वाट हवी त्यांना तुझ्या यंत्राने सात दिवसांत एकदाच मोजलं, आणि तोच दिवस तुम्ही चूक म्हणून खोडलात.

दिवाळीला ये. जळगावची एसटी तुला पलीकडच्या अंगाला उतरवेल. एकटा रस्ता ओलांडू नकोस, तिथेच थांब. तुला हात धरून अलीकडे आणायला काठी टेकत वहिनी येणार आहे.

लोभ आहेच, तो मोजू नये.
नाना