ओ निगेटिव्हचे एकसष्ट दाते

सोमवार, ३ मार्च २०२५
सॉफ्टवेअरवाल्या मुलाला पुण्यात नोकरी लागली. जाताना डेटाबेसचा पासवर्ड देऊन गेला. अख्ख्या रक्तपेढीत कॉम्प्युटर कळणारा आता मी एकटाच. आमच्या डॉक्टर क्लेमेंटीन मॅडम म्हणाल्या, परेश, नवा माणूस येईपर्यंत तुम्ही फक्त प्रिंट काढा. ‘फक्त’ या शब्दाची मनात नोंद केली आहे.
संकल्प: या आठवड्यात एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसशी बोलायची भाषा. पहिला व्हिडिओ अर्धा पाहिला. जॉइन लगेच कळलं. दोन टेबलांत जे सारखं असेल ते पकडायचं आणि टेबलं एकमेकांना चिकटवायची. यासाठी लोक क्लास लावतात!

मंगळवार, ४ मार्च, सकाळ
गास गावाहून आलोशियस नावाचा तरुण आला. बायको सेलिन, शुक्रवारी सिझेरियन. ओ निगेटिव्ह, त्यात हिमोग्लोबिन कमी. दोन पिशव्या हातात असल्याशिवाय ऑपरेशन नको, असं तिच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी बजावलंय. आमच्या फ्रिजमध्ये एकही नाही. बाकावर बसून मांडीवरचं हेल्मेट नुसतं फिरवत होता. बघवेना. शिवाय संधी.

दुपार
तीन टेबलं. एकात दात्याचं नाव आणि रक्तगट, दुसऱ्यात फोन, तिसऱ्यात रक्तदानाच्या तारखा. तिन्हींत ‘दाता क्रमांक’ नावाचा एक रुक्ष रकाना आहे. पण नंबराने कैदी ओळखतात, माणूस नावाने. मी नावावर जोडणारी क्वेरी लिहिली. एंटर.
एकसष्ट ओळी!
मॅडम म्हणाल्या, एवढे कसे? आपल्याकडे ओ निगेटिव्ह जेमतेम तीन-चार होते. मी म्हटलं, होते मॅडम, जोडलेले नव्हते.
आलोशियसने ठाण्याच्या एका रक्तपेढीत एक पिशवी राखून ठेवायला सांगितलं होतं. मीच म्हटलं, कॅन्सल कर, दुसऱ्या कुणा गरजूला मिळेल. त्याने माझ्यासमोरच फोन केला. मग माझे दोन्ही हात धरले. ऑफिसात माझे हात कुणी धरत नाही.

बुधवार, ५ मार्च, सकाळ
फोन सुरू. यादीत बॅप्टिस्ट डिमेलो बऱ्याच वेळा आलाय, दरवेळी फोन वेगळा. एवढे फोन बाळगतो म्हणजे सधन असावा. पहिल्या नंबरवरचा लगेच निघाला.

दुपार
आला. भुईगावचा. कपाळावर राख, कारण आज राखेचा बुधवार, ख्रिस्ती उपवासकाळाचा पहिला दिवस, आणि त्याचा उपवास. उपाशीपोटी रक्त घेता येत नाही, हे मॅडमनी सांगितलं. मग सहज रक्तगट तपासला. बी पॉझिटिव्ह.
तो भडकला. ओ निगेटिव्ह तो सांडोरचा बॅप्टिस्ट, म्हणाला. आमच्या चर्चमध्ये बॅप्टिस्ट डिमेलो म्हणून हाक मारा, किती माना वळतात बघा!
मॅडमनी विचारलं, टेबलं कशावर जोडलीत? मी नेट स्लो असल्याचं सांगितलं. त्या माझ्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या. म्हणाल्या, क्रमांकावर जोडा.
जोडली. तीन माणसं. एक दुबईत. एकाने गेल्याच महिन्यात रक्त दिलेलं, म्हणजे तीन महिने चालणार नाही. तिसरा सांडोरचा बॅप्टिस्ट, फोन बंद.
ठाण्याला विचारलं. ती पिशवी सकाळीच दुसऱ्याला गेली.
आलोशियसला कळवणं भाग होतं. मॅडमनी कळवलं. मला त्याच वेळी फार तहान लागली.

संध्याकाळ
भुईगावच्या बॅप्टिस्टने शिव्या देत स्कूटर काढली आणि सांडोरला निघाला. मागे मी. सूचना मॅडमची, पण माझ्याही मनात होतंच. सांडोरचा बॅप्टिस्ट चर्चमध्ये मिस्साला, संध्याकाळच्या प्रार्थनेला गेलेला. चर्चबाहेर थांबलो. आत गाणी संपेनात. आलोशियसही येऊन पोहोचला. ओरडला असता तर बरं झालं असतं. एवढंच विचारलं, सर, एकसष्ट म्हणालात ना?
सर्व्हरबद्दल काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात लोक बाहेर येऊ लागले.
मिळाला. उद्या येतो म्हणाला.

गुरुवार, ६ मार्च
सांडोरचे बॅप्टिस्ट भरपेट नाश्ता करून आले. रक्त घेतलं, तपासण्या सुरू. दुसरी पिशवी मॅडमनी दिवसभर ओळखीपाळखीत फोन करून भाईंदरला मिळवली. आलोशियस थंड पेटी घेऊन गेला. तो परत येईपर्यंत मी तीनदा गेटवर गेलो. ट्रॅफिक पाहायला.

शुक्रवार, ७ मार्च
सेलिनला मुलगी झाली. दोन्ही पिशव्या लागल्या. एकीवर भागलं नसतं, असं तिथले डॉक्टर म्हणाले.
घरी मनवेलपाड्याला आल्यावर स्वप्नाला सांगितलं, माझी क्वेरी अखेर चालली. बायकोला ऑफिसातलं कळायचं कारण नाही, पण ती म्हणाली, मॅडमनी सांगितलेली ना? मी जेवणाकडे लक्ष दिलं.

शनिवार, ८ मार्च
पासवर्ड लागत नाही. बहुधा सिक्युरिटी अपडेट.
मॅडमनी उद्याच्या रक्तदान शिबिराची जबाबदारी दिली. स्वतः म्हणाल्या, टेबलं तुम्हीच जोडा.
विश्वास परत आलाय.

रविवार, ९ मार्च
चर्चचा पॅरिश हॉल. लाकडी टेबलं, प्रत्येकाची उंची वेगळी. कालचं बोलणं नीट ऐकायला हवं होतं.
एक जड टेबल एकटाच ओढत होतो. आलोशियस आला. रक्त द्यायला आला होता. त्याने दुसरं टोक उचललं. मग विचारलं, कुठे लावायचं, सर?
मला माहीत नव्हतं. मॅडमना विचारून आलो.