आत्याच्या रक्ताचा कागद

प्रिय अण्णा,

लेकीनं बापाला पत्र लिहावं एवढं आपलं कन्नड गाव लांब नाही. सकाळच्या एसटीत बसले तर दुपारच्या भाकरीला तुमच्यासमोर असते. पण गेले नऊ दिवस फोन लावला की तुम्ही "रानात आहे, मग बोलू" म्हणून ठेवून देता, आणि रविवारी मी आले तेव्हा मागच्या दारानं निघून गेलात. म्हणून चिकलठाण्याच्या खोलीत बसून लिहितेय. एवढं शेवटपर्यंत वाचा.

मी बरी आहे. नोकरी गेली म्हणून आई रडते असं कळलं. तिला सांगा, बारावीच्या चार मुलींना केमिस्ट्री शिकवतेय, जेवण वेळेवर होतं, आणि झोप तर आधीपेक्षा चांगली लागते.

तुम्ही पहिल्यांदा माझी लॅब बघायला आला होता तो दिवस मला सारखा आठवतो. मेंढरं विकून कंपनीच्या मिरचीच्या रानावर मुकादम होऊन तुम्हाला वर्षच झालं होतं. एकाच कंपनीत बाप रानात आणि लेक लॅबमध्ये, याचं तुम्हाला केवढं अप्रूप होतं. कुणी सांगितलं नसताना चप्पल बाहेर काढून आत आलात आणि मशीनकडं बघत म्हणालात, "एवढ्याशा मिरचीतलं एवढुसं औषध दिसतं व्हय याला?" मी म्हणाले, विहिरीत चिमूटभर मीठ टाकलं तरी सापडेल. खरंच सापडतं. मिरची युरोपात जाते आणि तिथला कायदा कडक आहे. त्या कायद्याला मी नावं ठेवत नाही. लेकराच्या पोटात विष जाऊ नये असं तिथल्या आईलाही वाटणारच.

दोन वर्षांपूर्वी आपला कंटेनर तिथल्या बंदरावरून परत आला. फवारणीचा अंश जास्त निघाला होता. आठ दिवस लॅबमध्ये कुणी धड जेवलं नाही. मग वरून ठरलं, औषध बदलायचं. नवं औषध असं की चार-पाच दिवसांत मिरचीवरून उडून जातं, तपासणीत काही उरत नाही. फवारणाऱ्याच्या अंगाला मात्र ते जुन्यापेक्षा कितीतरी जहाल. डब्यावर बारीक अक्षरांत तसं लिहिलेलं होतं. ते मी वाचलं होतं, अण्णा. हे आजवर कुणापाशी बोलले नाही. वाचलं आणि बाजूला ठेवलं. माझे अहवाल एकदम स्वच्छ यायला लागले, कंपनीनं पेढे वाटले, त्यातले दोन मीही खाल्ले.

मार्चमध्ये कस्तुरा आत्या रानात पडली. तुमची सख्खी बहीण. आई कामावर जायची तेव्हा जिनं मला पाठीला बांधून मेंढरं राखली, ती. औषध कालवायचं आणि पंपाचा पाइप सरीसरीनं ओढायचा, हे तिचं काम. मी दवाखान्यात पोचले तेव्हा तिच्या तोंडातून लाळ गळत होती, दंडाचं मांस थडथड उडत होतं, आणि डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. तुम्ही डॉक्टरला म्हणालात, "उन्हानं झालंय साहेब." मी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही खाली बघितलं. मग मीच डॉक्टरला फवारणीचं सांगितलं, औषधाचं नाव सांगितलं, तेव्हा उपचार बदलला. चार दिवसांनी आत्या घरी आली. अजून तिचा उजवा हात कापतो, चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागतो.

तुम्हाला न विचारता मी कंपनीच्या गोदामात गेले होते. हातमोजे, मास्क, चष्मे, सगळं होतं. सगळं कोऱ्यासारखं, घडी करून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेलं. आत्यानं मला सांगितलं, "परदेशातले पाहुणे तपासाया आले की घालायचं. गेले की घडी करून ठेवायचं. आम्हाला लई गरम व्हतं त्यात, पण रोज दिलं असतं तर घातलं असतं गं." ती तक्रारीच्या सुरात बोलत नव्हती. पावसाबद्दल बोलावं तसं बोलत होती. त्याचाच मला जास्त राग आला.

पुढच्या आठवड्यात आत्या आणि तिच्याबरोबरच्या चौघींना घेऊन मी उस्मानपुऱ्यातल्या एका तपासणी केंद्रात गेले. असलं औषध अंगात भिनलं की रक्तातला एक घटक कमी होतो. आत्याचा निम्म्याहून खाली गेला होता. बाकीच्यांपैकी तिघींचाही कमीच निघाला. त्यातली एक पाच महिन्यांची गरोदर आहे. ते पाच कागद मी आमच्या लॅबचे प्रमुख अतुल सर यांच्या टेबलावर ठेवले. माणूस वाईट नाही, त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं. सगळं वाचून म्हणाले, "शालू, तुझं दुःख कळतं मला. पण आपली लॅब मिरची तपासते." मी विचारलं, मिरचीसाठी मर्यादा ठरलेली आहे, तशी बाईसाठी किती आहे? त्यांनी पाचही कागद घडी करून माझ्या हातात परत दिले. दोन दिवसांनी बढतीचं पत्र आलं, पुण्याच्या ऑफिसात. मी ते परत केलं आणि कामगार कार्यालयात तक्रार दिली. त्यानंतर दुसरं पत्र आलं, ते तुम्हाला माहीत आहे.

तुम्ही आईकडून निरोप धाडलात, "पोरीला म्हणाव, साठ घरांच्या पोटावर पाय देऊ नको." कंपनी गेली तर मिरची कोण घेणार, हा तुमचा प्रश्न खोटा नाही. ज्या देशाला स्वस्त मिरची पाहिजे तो दुसरीकडून घेईल, हेही मला कळतं. मला मिरची बंद करायची नाही. ती जावी, चांगल्या भावानं जावी. पण मिरची सात समुद्रापलीकडं जाताना तिच्या अंगावर कण राहू नये म्हणून एवढा बंदोबस्त होतो, आणि तो कण आपल्या बायांच्या अंगात राहिला तर त्याला ऊन म्हणायचं, हे मी मान्य करणार नाही. ते हातमोजे पिशवीतून काढायला किती लागतं, अण्णा? मिरचीसाठी नियम पाळता येतात, हे आपणच दोन वर्षं दाखवून दिलंय.

आता हे पत्र कशासाठी ते सांगते. पाहुण्यांच्या त्या खरेदीदार कंपनीलाही मी आत्याच्या रक्ताचा कागद पाठवला होता. परवा त्यांचं उत्तर आलं, आमच्याकडं सगळं नियमानुसार आहे. सोबत एक दाखला जोडलाय, त्यात लिहिलंय: या रानावर प्रत्येक मजूर हातमोजे आणि मास्क घालूनच फवारणी करतो, आजवर कुणालाही बाधा झालेली नाही. त्यावरची तारीख आत्याला घरी आणलं त्याच्या दुसऱ्या दिवसाची आहे आणि खाली तुमची सही आहे. कागद इंग्रजीत आहे, तुम्हाला कुणी वाचून दाखवला नसेल असं मी धरून चाललेय. दाखवला असेल, तर तेही ऐकायची माझी तयारी आहे. सोमवारी अकरा वाजता कामगार कार्यालयात सुनावणी आहे. तो दाखला मी साहेबांपुढं ठेवणार. तुमचं नाव आहे म्हणून लपवणार नाही. दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळण्याआधी हे तुम्हाला माझ्याकडून कळावं, एवढंच मला हवं होतं. आत्या येतेय, त्या चौघीही येताहेत. आत्या म्हणाली, "भावाला लिही, ये म्हणून. नाय आला तरी मी बोलणार हाय." तुम्ही आलात आणि सही कुणी, काय सांगून घेतली ते बोललात, तर मी तुमच्या शेजारी बसेन. नाही आलात तर तुमच्या सहीसमोर उभी राहीन. बोलणार मात्र नक्की.

तुमचीच,
शालू