पाच ताठ हात

प्रिय मोजपट्टी,

सहा वर्षांनी तुला लिहायला बसले आणि मायन्यात दुसरं नाव सुचेना. दाराची चौकट मोजून मगच तू आत येतेस, असं मी सगळ्यांना सांगायचे ना.

आपली प्रयोगशाळा आता पाचव्या मजल्यावर गेली आहे. तुझ्या टेबलावर बसणारी नवी मुलगी कानात काहीतरी घालून काम करते, त्यामुळे दिवसभर सोबतीला फक्त यंत्रांची घरघर. जेवायला खाली गेले की लोक सरकून जागा देतात, तोंडभर हसतात आणि आपापले डबे भराभर संपवून उठतात. पदाने मोठी झाले ना मी. घरी निदान आई विचारायची, "आज काय जमलं गं?" ती जाऊन दीड वर्ष झालं. तुला कळवायचा धीर झाला नाही.

आपलं औषध लागू पडलं. पोटातल्या जंतूचं ते विष, मुलांच्या मूत्रपिंडांची वाट लावणारं. त्याला पाच खाचा, आणि एकाच खाचेत बसणारा रेणू लगेच निसटायचा. म्हणून आपण पाच हातांचा रेणू घडवायला घेतला. वर्षभर ते हात एकमेकांतच गुंतत राहिले आणि मी त्यांची लांबी वाढवत सुटले. मग एका दुपारी तू वडिलांना दवाखान्यात भेटून आलीस आणि ओली छत्री तशीच काखेत धरून फळ्यावर चित्र काढलंस. "घाईबाई, दोरी कशाला लावतेस? काडी लाव. हात ताठ असले की बरोबर खाचेसमोर उभे राहतील." मी हसण्यावारी नेलं. चार दिवसांनी तू वडिलांसाठी नोकरी सोडलीस. दोन महिन्यांनी, दुसरं काहीच जमेना म्हणून, मी काडी लावून पाहिली. रेणूने विषाला असं धरलं की सोडेचना.

बैठकीत साहेबांनी विचारलं, ही कल्पना कुणाची? मी म्हणाले, माझी. नंतर तुझी दोन पत्रं आली. एकातही तू त्याबद्दल अवाक्षर काढलं नाहीस. काढलं असतंस तर भांडले तरी असते. उत्तर द्यायचं राहिलं, आणि पुढे न देण्याचीच सवय झाली.

गेल्या महिन्यात वॉर्डात गेले होते. सात वर्षांची एक मुलगी, औषधाचा बारावा दिवस, खाटेवर मांडी घालून घोड्याला हिरवा रंग देत होती. तिच्या आजोबांनी विचारलं, "बाई, हे तुम्हाला सुचलं तरी कसं?" घड्याळ बघितल्यासारखं केलं आणि निघून आले.

काल साहेबांना सगळं सांगितलं. प्रकल्प माझ्याकडे राहणार नाही, कदाचित नोकरीही नाही. पण फळा केव्हाच पुसला गेलाय, त्यामुळे त्यांना तुझ्या तोंडून ऐकायचं आहे. सोमवारी ते तुला फोन करतील. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. "दोघींनी मिळून केलं" म्हणशील आणि मला सांभाळून घेशील. एवढ्याचसाठी हे पत्र लिहिलं. या वेळी मला वाचवू नकोस.

तुझीच,
घाईबाई